दुखवट्यातला घुमट

तुम्ही घुमट बंद केलात. आभाळ धुतल्या काचेसारखं लख्ख असताना वेधशाळेला कुलूप ठोकलंत, आणि वर त्याला श्रद्धांजली म्हणालात. मान डोलवू नका साहेब, संचालकांच्या खुर्चीत बसलं की ती आपोआप डोलते. ज्यांच्या नावाने कुलूप ठोकलंत, त्यांना काय वाटलं ते आधी ऐका.

दुपार आहे. टेकडीवरच्या वेधशाळेतली माणसं रात्री जागतात आणि दिवसा खिडकीला काळं कापड लावून झोपतात. मंजिरी उबाळेही पडली आहे, पण झोप पापणीपाशी येऊन परत जाते. संध्याकाळी चहाच्या वेळी तिने तुम्हाला हो किंवा नाही सांगायचं आहे: शोधनिबंधावर तिचं नाव घालायचं का?

निबंध एका फार दूरच्या ताऱ्याच्या मरणाचा. कोसळताकोसळता त्याने एक झोत बाहेर फेकला आणि काही सेकंद गॅमा किरणांचा भपका उडाला. तुमचं म्हणणं, झोतातली नव्वद टक्के ऊर्जा त्या भपक्यातच उजेड होऊन गेली. इतकं थोडं वाया घालवणं कुठल्या यंत्राला जमत नाही. आकडा छापला की जगभर नाव होणार. वर अर्पणपत्रिका: 'दिगंबर लोखंडे यांस, ज्यांनी आपलं सारं काही दिलं.'

त्या भपक्याची नेमकी जागा लोखंडे सरांनीच दुर्बिणीतून हुडकली होती. त्याच पहाटे घुमटाच्या जिन्यावर छातीत कळ आली आणि ते गेले.

मंजिरीचा डोळा लागतो न लागतो तोच काळं कापड हलतं. वारा नाही.

"काय उबाळे, ड्यूटी सोडून घोरतेस?"

सर खिडकीशी उभे आहेत. तेच कोपरावर उसवलेलं स्वेटर. फक्त एक चुकतंय. ओठ आधी हलतात, मिटतात, आणि मग शब्द येतात.

"सर, तुम्ही तर..."

"गेलो. माहीत आहे मला. तेराव्याला जेवून आलात ना सगळे? बुंदी कच्ची होती म्हणे."

ती चपलेत पाय घालते आणि पाय जिन्याच्या पायरीवर पडतो. घुमटाचा जिना. कठड्याचं लोखंड कुणाच्या मनगटासारखं कोमट आहे. वरचं दार ढकलते, तर आत सरांच्या गावाकडचं स्वयंपाकघर. चूल गार. राखेवर बोट फिरवल्याची खूणसुद्धा नाही.

"ही का विझलीय?" सर विचारतात.

"दुखवटा होता, सर. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. संचालक म्हणाले, तसा घुमटही उघडायचा नाही. तीन रात्री."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

सरांचा चेहरा हसतो, पुन्हा सरळ होतो. हसण्याचा आवाज त्यानंतर येतो, रिकाम्या डब्यात खडा वाजावा तसा.

"बरं. चूल विझली की शेजारी काय करतात?"

"पिठलं-भाकरी आणून देतात."

"मग आपल्याकडे कुणी आणली? उपग्रहाने सगळ्यांना ढोबळ दिशा सांगितली होती. नेमकी जागा आपल्यालाच ठाऊक. दुसऱ्या एका तरी वेधशाळेला कळवलीत?"

मंजिरी राखेकडे बघत राहते. "संचालक म्हणाले, पहिला निबंध आपला जायला हवा."

"वा रे सुतक! स्वतः चूल पेटवायची नाही आणि शेजाऱ्याला दारही उघडायचं नाही. मग नव्वद आणलेत कुठून?"

"भपक्यात किती गेलं ते मोजलं. उरलेला झोत भोवतालच्या वायूवर आदळून मागाहून धगधगतो, त्या धगीवरून किती उरलं होतं ते काढलं. धग मंद होती, म्हणजे उरलं थोडंच."

"धग कधीची?"

"तुम्ही घेतलेली. पहिल्या रात्रीची. तेवढीच आहे ना सर."

"अगं, मागून निघालेलं उशिरा पोचतं. पुढचा झोत वायूत अडून मंदावतो, मग मागचा येऊन त्याला गाठतो. विझत आलेली धग दोन दिवसांनी पुन्हा चढू शकते. पोटात काय होतं ते तेव्हा कळतं."

"मग खरा आकडा किती?"

"मला काय विचारतेस? मेलो म्हणून सर्वज्ञ झालो का मी? दहा असेल, नव्वदही असेल. पण आपण बघितलं नाही म्हणजे तिथे नव्हतंच, असं छापायचं नसतं. धर हे."

तिच्या हातात लोखंडी हँडल येतं. वीज गेली की घुमटाची झडप हाताने उघडायचं हँडल. चूल नाहीशी झालेली आहे. राखेत दुर्बीण उभी आहे. दोघं मिळून फिरवतात. झडप कण्हते, फट पडते, आणि फटीत एक ठिपका. विझत नाही, चढतोय. मंजिरीची सावली मागे भिंतीवर पडते. सरांची सावली पुढे पडते, उजेडाच्या दिशेने.

"बघ, अजून येतंय," सर म्हणतात. "आणि मी सारं काही दिलं म्हणून लिहिलंत ना? ते कुणी मोजलं? माझ्यात काय उरलं होतं ते बघायला थांबलात?"

सरांचे ओठ पुन्हा हलतात. मिटतात. ती शब्दांची वाट बघते. शब्द येत नाहीत. हँडल बर्फासारखं गार पडतं.

मंजिरी जागी होते. काळं कापड स्थिर आहे. उजव्या तळहातावर काळंभोर ग्रीस आहे, रॉकेलचा वास येणारं. असं ग्रीस कालवून त्या हँडलला फक्त सर लावायचे. आणि ते हँडल, साहेब, त्या पहाटेपासून तुमच्या कपाटात आहे. कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात.

ती हात धूत नाही. तशीच चहाला येते. डाव्या हाताने कप बाजूला सारते आणि उजवा तळहात तुमच्यासमोर पसरते. तुम्ही आधी हाताकडे बघता, मग नकळत खिसा चाचपता.

ती तोंड उघडते. ओठ हलतात, मिटतात. खोलीत क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग शब्द पोचतात.

"माझं नाव काढा. अर्पणपत्रिकेतलं सरांचंही काढा. चूल बंद ठेवलीत, ठेवलीत. शेजाऱ्याला जागा का नाही सांगितलीत?"