आईच्या कबरीला चुना

जर्सी सिटीत आमच्या बिल्डिंगच्या तळघराला आज चुना लावत होते. त्या ओल्या, तिखट वासाने मला थेट लुइझियानात नेलं, मिसिसिपीकाठच्या एका केमिकल प्लँटच्या फाटकाशी.

कॉलेजात असताना प्लँटविरुद्धची पत्रकं वाटायला मी तिथे गेले होते. प्लँटच्या कुंपणात क्रिओल लोकांचं, म्हणजे फ्रेंच आणि आफ्रिकन रक्त मिसळलेल्या तिथल्या जुन्या रहिवाशांचं, कब्रस्तान अडकलं होतं. एक नोव्हेंबरला तिथली माणसं आपल्या पितरांच्या कबरींना चुना लावतात, संध्याकाळी मेणबत्त्या पेटवतात. कंपनी म्हणत होती, इथे आता कुणी फिरकत नाही, फाटक कायमचं बंद करू. त्या वर्षी म्हाताऱ्या मिस ओडील एकट्याच आल्या, म्हणून त्यांची बादली मी उचलली.

"फक्त नातेवाईक," गार्ड म्हणाला.

"नात आहे माझी," मिस ओडील म्हणाल्या.

त्याने माझा भारतीय चेहरा निरखला. "ही?"

"का? तुझ्या घरात सगळे एकाच रंगाचे आहेत होय रे?"

तोही तिथलाच, क्रिओल. हसला आणि फाटक उघडलं.

चुन्याने बोटं चुरचुरत होती. प्लँटकडून सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. मिस ओडील आपल्या आईच्या कबरीवर ब्रश फिरवत तिच्याशी फ्रेंचमध्ये बोलत होत्या, बहुधा कुणाची तरी तक्रार करत असाव्यात.

हा किस्सा मी पुढे पार्ट्यांमध्ये रंगवून सांगायचे. आता हसू येत नाही. स्वतःच्या आईपाशी जायला त्या बाईंना गार्डला पटवावं लागत होतं, आणि जमीन म्हणे कंपनीची!

अंधार पडायच्या आत आम्ही एकूण एक कबर पांढरी केली. मेणबत्त्या पार हायवेवरून दिसत होत्या; इथे कुणी फिरकत नाही, असं म्हणायची सोयच उरली नाही. त्या वर्षी तरी कंपनीला फाटक बंद करता आलं नाही.