उशिराच्या पावण्याची घड्याळ-परीक्षा

माझ्या सासऱ्यांनी मला जावई म्हणून कधी हाक मारली नाही. ते मला ‘उशिराचं पावणं’ म्हणतात. तोंडावर, चारचौघांत. यात चूक त्यांची नाही, एका घड्याळाची आहे.

लग्नाच्या दिवशी साताऱ्याहून वऱ्हाड घेऊन आम्ही जत तालुक्यातल्या त्यांच्या गावाला निघालो होतो. कवठे महांकाळला मी गाडी थांबवली, कारण नवरदेवाला गॉगल हवा होता. मनगटावर मित्राकडून स्वस्तात पटवलेलं घड्याळ होतं. बघितलं, मुहूर्ताला चिक्कार वेळ. एका दुकानातून दुसऱ्यात गेलो, गॉगल चढवले, उतरवले, पुन्हा घड्याळ बघितलं. अजूनही तेवढाच वेळ. वेळ कमीच होत नाही म्हटल्यावर संशय यायला हवा होता. मला आनंद झाला. मांडवात पोचलो तेव्हा मुहूर्त टळला होता, भटजी जेवणाची चौकशी करत होते आणि सासरे, लष्करातून निवृत्त झालेले हवालदार, मांडवाच्या दारात आपलं चावीचं घड्याळ बघत उभे होते. फोटोत गॉगल मात्र छान दिसतो.

त्यानंतर सासऱ्यांनी मला एकही काम सांगितलं नाही. बोअर कुठं मारायची, म्हैस कुठली घ्यायची, सगळे सल्ले मेहुण्याला. मला फक्त ताट.

आणि मग गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. चावीचं घड्याळ कायमचं बंद पडलं होतं. मुलीला म्हणाले, “पावण्यास्नी सांग, एक घड्याळ बघा म्हनावं. हजाराच्या आत. लय झगमग नको, पर टायमाला पक्कं पायजे. मोबाईल हाय, पर दर घडीला खिशात हात कोन घालतंय? पुढल्या म्हैन्यात वास्तुशांत हाय, तवा आना.”

चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या अशा. पण चोराला विचाराल तर तो म्हणेल, अखेर विश्वास बसला! इतक्या वर्षांचा डाग धुऊन काढायची ही संधी होती. मी ठरवलं, असं घड्याळ निवडायचं की म्हाताऱ्यानं पुन्हा ‘उशिराचं’ हा शब्द उच्चारता कामा नये.

मी एक नाही, चार घड्याळं आणली. पहिलं आता आम्ही राहतो त्या सांगलीतल्या, नेहमीच्या चाचांच्या दुकानातलं: पांढरी तबकडी, काळा पट्टा, शाळेतल्या मुख्याध्यापकासारखा चेहरा. दुसरं मोबाईलवरून मागवलेलं. त्यात मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या होत्या आणि त्यांचे काटे छापलेले होते. तिसरं पुण्याच्या वाटेवर शिरवळच्या हॉटेलात गल्ल्यावर टांगलेलं, आकड्यांचं. त्यात होकायंत्रही होतं. आपण कुठंही वळलो तरी ते इमानानं पुण्याकडंच बोट करायचं. चौथं सातारा स्टँडबाहेरच्या गाड्यावरचं, सोनेरी. ते मी केवळ तुलनेसाठी घेतलं. वाईट समोर असल्याशिवाय चांगल्याची किंमत कळत नाही, असं मी बायकोला समजावलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “खरं हाय.”

मग परीक्षा सुरू झाल्या. बादलीत बुडवून झाली, कॉटवरून पाडून झाली. अंधारात काटे दिसतात का हे बघायला मी भर दुपारी चादर डोक्यावरून घेऊन बसलो.

“मला बघायला आला होतात, तवा पोहे संपायच्या आत हो म्हणालात,” बायको चादरीबाहेरून म्हणाली. “आणि घड्याळाला म्हैना?”

“तुला परत करायची सोय नव्हती, मग तपासून काय करणार?” मी आतून म्हणालो. त्या दिवशी चहा मला मीच केला.

खरी परीक्षा वेळेची. आमच्या हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ म्हणजे आमच्या घरचं हायकोर्ट. रोज सकाळी आंघोळीआधी मी चारही घड्याळं त्याच्यासमोर उभी करायचो. निकाल धक्कादायक होता. पहिली तीनही मागं पडत होती. रोज दीड-दोन मिनिटं, न चुकता. आणि ते सोनेरी, गाड्यावरचं, भिकार म्हणून आणलेलं, ते मात्र हायकोर्टाबरोबर काट्याला काटा लावून चाललं होतं.

मोबाईल खिशातच होता. तो काढून बघावा असं का सुचलं नाही, हे विचारू नका. माणूस एकदा तज्ज्ञ झाला की त्याला सोपं सुचायचं बंद होतं. ऑफिसातही त्या दिवसांत मी सगळ्यांच्या आधी पोचत होतो, तर शिपाई दार उशिरा उघडतो म्हणून मी त्यालाच झापलं.

पहिलं घड्याळ घेऊन मी तावातावानं चाचांकडं गेलो. “चाचा, हे मागं पडतंय.”

चाचांनी मोबाईल बघून काटे सारखे केले. “थंडीत पडत्यात जरा मागं.”

“घड्याळाला थंडी वाजते?”

“मशीन हाय, साहेब. गारठतंय. उन्हाळ्यात बघा कसं पळतंय.”

“मग परत घ्या.”

“बादलीत घातलंय तुमी ह्येला. पट्टा ओला हाय अजून. आता कसं घिऊ?”

पट्ट्यानंच फितुरी केल्यावर मी घड्याळ उचलून घरी आलो. निकाल मात्र मनात पक्का झाला: नाव, दुकान, गॅरंटी सगळं झूट, खरा माल गाड्यावर असतो. ही थिअरी मी ऑफिसात बऱ्याच जणांना ऐकवली. दोघांनी तर सोनेरी घड्याळं घेतलीसुद्धा.

वास्तुशांतीच्या दिवशी सोनेरी घड्याळ डबीत घातलं. आहेरात घड्याळ देणारा मोकळ्या मनगटानं कसा जाणार, म्हणून चाचांचं नापास घड्याळ मी स्वतः बांधलं आणि हायकोर्टाकडं बघून वेळेवर घर सोडलं. गावात पोचलो तर मांडवात कोणी नाही. सासरे अंगणात दाढीला बसलेले. मला बघून त्यांचा वस्तरा गालावरच थांबला.

“कोन गेलं?” त्यांनी घाबरून विचारलं.

“कोणी नाही, मामा. वेळेवर आलोय.”

या क्षणाची मी किती वर्षं वाट बघत होतो! डबी उघडली, सोनेरी घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं आणि चारही घड्याळांच्या परीक्षांवर छोटंसं भाषण केलं. म्हाताऱ्यानं एका गालाचा फेस तसाच ठेवून ते ऐकलं. मग खिशातून मोबाईल काढला. एकदा मोबाईल, एकदा मनगट.

“पावणं, ह्ये अर्धा तास म्होरं हाय.”

मागं बायको पदरात तोंड घालून हसत होती. “आवं दादा,” ती वडिलांना म्हणाली, “मीच भिंतीवरचं घड्याळ रोज जरा-जरा म्होरं सरकवत होते. आज तरी ह्येंनी टायमात निघावं म्हणून. एकदम सरकवलं तर ह्ये हिशेब घालत बसत्यात, की म्होरं हाय, अजून लय टाईम हाय.”

म्हणजे जी तीन बरोबर चालत होती, ती मी नापास केली. आणि जे पळत सुटलं होतं, त्याचा सत्कार.

सासऱ्यांनी आधी उरलेली दाढी केली, तोंड धुतलं. मग आपल्या हातातलं सोनेरी घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं आणि माझ्या मनगटावरचं, चाचांचं, स्वतःला बांधलं. मोबाईलशी ताडून बघितलं. “ह्ये ऱ्हाऊ द्या मला. तुमास्नी म्होरं पळनारंच बरं.”

आता हे सोनेरी घड्याळ माझ्या हातात असतं. ते रोज पुढं पळतं आणि मला ते माहीत असतं. परवा सासरच्या गावच्या जत्रेला निघताना त्यात बघितलं. म्हटलं, हे पुढं आहे, म्हणजे अजून बक्कळ वेळ आहे. जाताजाता कवठे महांकाळला चहालाही थांबलो.

पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. सासरे दारातच उभे होते, पांढऱ्या तबकडीकडं बघत.

“या, उशिराचं पावणं,” ते म्हणाले. मग मनगट माझ्यापुढं धरलं. “पर घड्याळ लय भारी आनलंत हं. मिनटाला चुकत न्हाई.”