मिशीतला पांढरा ठिपका

जतकडच्या एक आजी माझ्याकडे एकदाच आल्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सांगलीत अजून हातानं फोटो धुणारा माणूस आहे असं कुणाकडून तरी कळलं, म्हणून त्या एसटीनं आल्या होत्या. वारलेल्या नवऱ्याची लष्करी गणवेशातली निगेटिव्ह त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती.

लाल दिव्याखाली ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर चेहरा उमटू लागला, तशा त्या श्वास रोखून वाकल्या. पण त्या चेहऱ्यावर पांढरे ठिपके आले. निगेटिव्हवर धूळ असली की असं होतं. मी ती मऊ ब्रशनं झाडून पुन्हा प्रिंट काढली. बाकीचे ठिपके गेले, मिशीतला एक राहिला. निगेटिव्ह धुऊन वाळवली, तरी तो तिथंच. असा का हा हटत नाही, मला कळेना. शेवटी प्रिंट सुकल्यावर तो शाईनं बुजवायला मी बारीक ब्रश उचलला.

"आवं, थांबा!" आजींनी माझा हात धरला. "ताक हाय ते."

"ताक?"

"सुट्टी संपली हुती. फोटूवाला दारात आल्ता. हे ताक प्याले आन् तसंच जाऊन बसले. मला दिसत हुतं, पर सासऱ्याम्होरं बोलायचं कसं?"

मी ब्रश खाली ठेवला. आजींनी पदराचं टोक फोटोतल्या मिशीपर्यंत नेलं आणि हसून मागं घेतलं.

"अजूनबी सासरे बघत्यात असंच वाटतंय," त्या म्हणाल्या.