लवूच्या सदऱ्यावरचा डाग

लवू घाडी म्हणजे लालबागच्या अख्ख्या चाळीत चेष्टेचा विषय. शिवडीच्या गोदामात हमाली करायची, परदेशी खोकी पाठीवरून वाहायची आणि गळ्यात तुळशीची माळ! बाप हातभट्टीने गेला, त्याच्या चितेसमोर लवूने शपथ घेतली होती. दारूबंदीच्या मुंबईत चोरून पिणारे पायलीचे पन्नास, न पिणारा मात्र हा एकच, असं शेजारचा कुशाबा म्हणायचा. बायकोला, रखमाला, त्याचा केवढा अभिमान!

छपन्नच्या जानेवारीत चर्चच्या पूजेसाठी परवान्यावर परदेशी लाल वाइन गोदामात आली. ती जिथून आली त्या मुलखाबद्दल कारकुनाकडून ऐकलेलं लवूने घरी रखमाला कौतुकाने सांगितलं, "थंय पण आपल्यासारखो दर्यो असा, पण थंडगार. धुक्यामुळे द्राक्षां सावकाश पिकतत."

"वास तरी घेतलात?"

"लांबसूनच," तो हसला.

दुसऱ्या दिवशी मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हटल्यावर माणसं रस्त्यावर उतरली, दगड उडाले, नाक्यावर पोलिसांनी सरळ बंदुका रोखल्या. रखमा गॅलरीतून बघत होती. एकाचं डोकं लाठीने फुटलं, दुसऱ्याला केसांना धरून फरफटत नेलं. नवरा बाहेर, तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दुपारी लवू भिंत धरत, झोकांड्या खात जिना चढून आला. सदरा छातीपासून कमरेपर्यंत लालभडक, अंगाला वाइनचा भपकारा. गोदामातल्या पळापळीत पाठीवरचं खोकं त्याच्याच अंगावर फुटलं होतं, पण ते सांगायला त्याच्यात श्वासच उरला नव्हता.

रखमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गळ्यात माळ आणि ढोसून इलात?" तिने सणसणीत थोबाडीत दिली. लवू खाली बसला तो उठलाच नाही. "पाणी," एवढंच पुटपुटला.

कुशाबा धावला. अशा वेळी काय करायचं ते चाळीला पाठ होतं. प्यालेल्याला आत न्यायचं, गोधडीखाली झाकायचं, बाहेरून कुलूप ठोकायचं. "वैनी, आवाज करू नका. पोलिसांनी वास घेतला तर सहा महिनं आत जातील." त्याने मायेनेच कुलूप लावलं. आत रखमा धुमसत बसली. पाणीसुद्धा दिलं नाही तिने.

तासाभराने ती उठली. वासाचा सदरा धुऊन टाकावा म्हणून गोधडी काढली. छातीवरचा डाग वाळून कडक झाला होता. कुशीवरचा मात्र ओला होता, कोमट होता. तिने सदरा वर केला. बरगडीखाली गोळीचं भोक होतं.

ती दार बडवत किंचाळली. फळीवर घालून परळच्या इस्पितळात नेईपर्यंत लवू संपला होता.

सकाळी घोषणा देत हजारभर माणसं आली. 'हुतात्मा लवू घाडी अमर रहे!' कुशाबा ढसाढसा रडत होता. गुलालाचं ताट पुढे आलं तसं रखमाने ते हिसकावून घेतलं. लवूच्या डाव्या गालावर तिची पाच बोटं उमटली होती. ती तिथंच गुलाल थापत राहिली, ताट रिकामं होईपर्यंत.