छताला टेकलेली रेघ

लोकांच्या घरी भिंतीवर देव असतात, ग्राफकाकांच्या भिंतीवर सिमेंट कंपनी होती. तिकडे उत्तरेत, हिंदी मुलखात, इंदिरा नगरच्या त्या घरात मी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. नोकरी बँकेत आणि जेवण काकूंच्या हातचं. पहिल्या दिवशी पानावर बसले, तर समोर जमिनीपासून खिडकीच्या वरपर्यंत आलेखाचे कागद चिकटवलेले आणि त्यांतून चढत गेलेली एक लाल रेघ. म्हटलं, बाई गं, हे काय प्रकरण!

काका रेल्वेत इंजिनियर. बाजारभावांचं वर्तमानपत्र दिल्लीहून दुपारी यायचं. ऑफिसातून आले की चहाच्याही आधी पेन्सिलीला टोक, मग सिमेंटच्या शेअरच्या भावाचा ठिपका. दुसऱ्या एखाद्या कंपनीची रेघ ते ट्रेसिंग पेपरवर काढत आणि तो कागद भिंतीवरच्या रेघेवर मागेपुढे सरकवत. "अच्छा, आता तू सरकवून बघ. नुसतं वाचून बाजार कळत नाही, हाताने हलवावा लागतो." मी सरकवायचे, आणि खरंच, कोण आधी चढलं, कोण मागून धापा टाकत आलं, ते लख्ख दिसायचं. "रेघ खोटं बोलत नाही," हे त्यांचं पालुपद.

काकूंना रेघेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना साताऱ्यात दोन खोल्या हव्या होत्या. "हे रिटायर झाले की इथे एक दिवस राहायची नाही मी. सब्जीवाल्या भैयाशी भांडायचं तरी आधी मनात हिंदी जुळवावी लागते." त्या दोन खोल्यांसाठी साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं सिमेंटमध्ये घातलेलं. काकांचा नियम ठरलेला: रेघ शेंड्यापासून वीतभर खाली आली की सगळे शेअर विकायचे. भिंतीवर वीत टेकवून ते मला दाखवत.

बाजार पेटला त्या वर्षी रेघ छताला टेकली. पुढचा कागद छतावर चिकटवायला काका स्टुलावर चढले, तशा काकू कडाडल्या, "उतरा खाली! आता काय पंख्याला गुंडाळणार?" काका हसत उतरले आणि रविवारभर खपून त्यांनी सगळी रेघ निम्म्या स्केलवर नव्याने काढली. भिंतीत छान मावली. काकूसुद्धा खूश झाल्या.

मग बाजार कोसळला. बँकेत बातमी ऐकून मी तशीच धावत घरी आले. "काका, विका आता!" काकांनी शांतपणे भिंतीवर वीत टेकवली. "घाबरतेस काय? अजून वीतभर कुठे आलीय?" रोज टेकवत राहिले. स्केल निम्मं झालं आणि वीत मात्र तेवढीच राहिली, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा साताऱ्याच्या खोल्या हातच्या गेल्या होत्या. कोपऱ्यात स्केल लिहिल्याशिवाय ज्या माणसाने जन्मात कधी नकाशावर सही केली नाही, त्याच्या हातून हे व्हावं! अजून आठवलं की जीव तळमळतो.

काकूंनी एका शब्दाने बोल लावला नाही. त्यानेच काका जास्त खचले. कागदांवर पाणी मारून त्यांनी भिंत खरवडून काढली. चुन्याचे पोपडेही निघून आले. काकू जेवायला वाढताना त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागल्या.

पुढच्या थंडीत काकूंना न्यूमोनिया झाला. इस्पितळात खाटेच्या पायथ्याशी तापाचा आलेख लटकवलेला होता. काकांनी चष्मा लावला. आधी डावीकडचे आकडे बोटाने एकेक तपासले, मग वर चढत गेलेली रेघ पाहिली. पुन्हा आकडे पाहिले.

"स्केल बरोबर आहे गं," मला म्हणाले आणि चष्मा काढून स्टुलावर बसले.

काकू त्या खाटेवरून उठल्या नाहीत. त्यांच्या अस्थी घेऊन काका एकटेच साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर गेले. परत आले तेव्हा त्यांना आणायला मी स्टेशनवर गेले होते. रिकामी पिशवी नीट घडी घालून त्यांनी हातात धरली होती.

"नेलं तिला साताऱ्याला," एवढंच म्हणाले.