परे देण्याआधी

गोंदिया स्टेशनवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा बाबांनी माझी बॅग वर चढवून दिली आणि खिडकीतून एवढंच सांगितलं, "तिथं आपल्याकडचं कोणी भेटलं तर धरून राहाय. एकट्यानं काही होत नाही." आई बाजूला उभी होती, स्वतःच्या पायांवर. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, हे तुमच्यासाठीच लिहून राहिली.

पुण्यात ऑफिसात शेजारच्या डेस्कवर आमच्याच जिल्ह्यातल्या चिचगडची वंदना निघाली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काऊन वं, डबा नाही आणला का?" मला रडूच आलं. इथं सगळे इतकं गोड बोलतात, की त्यांच्या मनात काय आहे ते कळतच नाही. वंदना तोंडावर बोलायची. मी तिला धरून राहिले.

मग आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही बहुतेक गेलं. बाबा एकटेच तिला उठवतात, बसवतात, भरवतात. त्याच सुमारास नागपूरच्या एका कंपनीत आमच्या कामाची जागा निघाली. एकच. नागपूर मिळालं असतं तर दर शनिवारी आमच्या गावी, कामठ्याला, जाता आलं असतं. बाबांनी तर आईला सांगूनही टाकलं, "पोरगी आता दर शनिवारी येते."

मी कितीतरी दिवस रेझ्युमे घासूनपुसून लिहीत होते. वंदनालाही तीच जागा हवी होती. तिचेही म्हातारे आईबाप गावी. म्हणाली, "माझा रेझ्युमे कोणी वाचूनच नाही राहिलं. तुझा दे ना वं." माझी रूममेट पुण्याची. ती म्हणाली, "वेडी आहेस का? असं कोणी देतं का?" मी ठसक्यात सांगितलं, की आमच्याकडे असं नसतं.

नसतंच. रोवणीच्या दिवसांत कोणाचे परे, म्हणजे धानाची रोपं, पाण्यात सडले, तर तो शेजाऱ्याच्या बांधावर येऊन उभा राहतो. त्याला कोणी नाही म्हणत नाही. लहानपणी बाबांना परे देताना मी कितीदा तरी पाहिलं होतं. म्हणून दिली मी वंदनाला आख्खी फाइल. आपला अर्ज सुट्टीच्या दिवशी निवांत करू म्हटलं.

वंदनानं त्याच संध्याकाळी अर्ज केला. नाव, पत्ता, कॉलेज तिचं, बाकी शब्दन् शब्द माझा. माझा अर्ज पोचल्यावर नागपूरच्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला, की हाच मजकूर आमच्याकडे आधीच आलाय, तुम्ही कोणाचा कॉपी केलात? वाक्यं माझी, अन् चोरही मीच. एकाच टीममधल्या आम्ही दोघी. मी सिद्ध काय करणार होते, कप्पाळ? वंदनाला विचारलं तर म्हणाली, "तुले मागूनच घेतला होता ना वं." तेही खरंच. आता ती नागपूरला आहे. मला तिचा राग येतो, आणि तिच्यापेक्षा जास्त माझा.

बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अवं, परे द्या लागते, पण आपली बांधी रोवून झाल्यावर. त्याच्या आधी कोणी देते का?"

हे मला माहीतच नव्हतं. आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, रोवून होत, तेव्हा मी शाळेत असायची. घरी आल्यावर दिसायचं ते बाबांचं देणं तेवढं. गावाची अर्धीच रीत घेऊन मी गाडीत बसले होते, आणि त्या अर्ध्या रीतीवर इथं ऐट करत होते.

आता माझं घर म्हणजे शनिवारची संध्याकाळ. आई दाराकडे पाहत बसलेली असते. बाकी पुष्कळ ती विसरली, पण शनिवारी पोरगी येते हे विसरली नाही. तिला खरं सांगायची बाबांची हिंमत होत नाही. ते फोन तिच्या कानाला लावून देतात, आणि पुण्याच्या खोलीत बसून मी म्हणते, "आई, गाडी लेट आहे."