लाख तपासणाऱ्या बाई

आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई कुठलीही वस्तू आधी नाकाला लावत आणि मगच तिच्याविषयी बोलत. मग तो नमुना असो, कोरी वही असो, नाहीतर माझा डबा. मी थळची, घरची होडी, त्यामुळे डब्यात मासे ठरलेले. बाई नागावच्या वाडीवाल्या, पक्क्या शाकाहारी. तरी झाकण उघडायच्या आत सांगत, "कालची आहे गो कोळंबी!" माझी आई त्यांना एवढी टरकून असे की दुसऱ्या दिवशी ताजी देई आणि संध्याकाळी मला निकाल विचारी.

अलिबागेत बाजारामागे, पहिल्या मजल्यावर आमची ती लहानशी खासगी प्रयोगशाळा. पाणी, खत, तेल, काहीही तपासायला येई, पण बाईंचा जीव लाखेवर. किड्यांनी झाडाच्या फांद्यांवर केलेली लाख वितळवून, ताणून तिचा पातळ चपडा करतात. मधाच्या रंगाचा, काचेसारखा तुटणारा. सुतार त्याचं पॉलिश करतात, औषधवाले गोळ्यांवर त्याचा थर देतात. त्यात कुणी स्वस्तातली राळ मिसळली आहे का, हे आम्ही बघायचं. गरम काचकांडीवर कण टेकवून बाई हुंगत. राळ असली की टर्पेंटाइनचा वास सुटे. पण नुसत्या नाकावर त्यांनी कधी अहवाल लिहिला नाही. "नाक साक्षीदार आहे गो. निकाल रसायनाच्या बाटलीनेच द्यायचा," असं म्हणत आणि पुन्हा एकदा हुंगत.

लाख खलात हळूहळू कुटावी लागे. मिक्सरला हात लावायची सोय नव्हती, कारण पात्यांच्या उष्णतेने ती मऊ पडते. मी कंटाळून उसासे टाकले की बाई म्हणत, "एवढ्याशा किड्याने महिनोन्‌महिने खपून केलंय आणि तुला दहा मिनिटं जड होतात?" मी हसायची आणि कुटायची. कुटताना जपायचं, एवढंच माझ्या टाळक्यात राहिलं.

मग एका पावसाळ्यात तळा गावच्या मोरेंचा चपडा आला. मोरे नवरा-बायको गोंदियाकडची लाख आणून घरामागच्या शेडमध्ये चपडा करत. एक औषध कंपनी पहिल्यांदाच त्यांचा माल घ्यायला तयार झाली होती, फक्त आमचा अहवाल चांगला यायला हवा होता. इथल्या दमट हवेत चपडा चिकटून त्याचा गोळा झाला होता. माझं पहिलं वर्ष खताच्या नमुन्यांत गेलेलं. नमुना ओला दिसला की ओव्हन एकशेपाच अंशांवर लावायचा, ही हाताची सवय. मी लाखही तशीच रात्रभर वाळवली आणि सकाळी गरम स्पिरिटमध्ये घातली. निम्मी विरघळलीच नाही. शुद्ध लाख सगळी विरघळते, म्हणून मी भेसळ लिहून मोकळी झाले. बाईंनी हुंगलं, राळ तर वाटत नाही असं पुटपुटल्या, पण माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवून त्यांनी सही केली.

चार दिवसांनी मोरे आले. भांडले नाहीत. "बाई, माजी लाख खोटी न्हाय," म्हणाले. "एका कंपनीनं भेसळवाला म्हटलं, की दुसरी दारात उभी करील काय?" आणि बाकावर बसून राहिले.

बाई मला आत घेऊन गेल्या. पहिल्यापासून सगळं माझ्यासमोर कर, म्हणाल्या. मी चपडा घेतला, ओव्हनकडे वळले आणि आकडा एकशेपाचवर नेला. बाईंनी माझा हात धरला. मला समजायला क्षण लागला. समजलं तेव्हा मी ओव्हन बंद केला.

"लाख वाळवताना चाळीसच्या पुढे न्यायची नाही," त्या हलकेच म्हणाल्या. "जास्त वेळ तापत राहिली की ती स्पिरिटमध्ये विरघळत नाही. हे मी तुला सांगायला हवं होतं."

बाहेर जाऊन त्यांनी मोरेंना काय झालं ते सरळ सांगितलं. मला वाटलं, आता पुन्हा तपासायचं काम त्या स्वतःकडे घेतील. कुठलं काय! राखून ठेवलेला अर्धा नमुना माझ्यापुढे ठेवला आणि "तूच कर" म्हणून निघून गेल्या. चाळीसवर वाळवायला, मग कुटून, विरघळवून, गाळून पाहायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत प्रयोगशाळेचे मालक बाईंशी एक शब्द बोलले नाहीत. का, ते मला कळेना.

तिसऱ्या दिवशी गाळणकागदावर काडीकचऱ्याखेरीज काही उरलं नव्हतं. मी धावत बाईंच्या टेबलाशी गेले. लाख शुद्ध आहे, आता कंपनीला कळवा, म्हटलं. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पत्र मोरे आले त्याच दिवशी गेलं होतं. तपासणीची रीत चुकली होती, आधीचा अहवाल मागे घेत आहोत, चूक सही करणारीची आहे. खाली बाईंचं नाव. माझं कुठेच नाही. मालक का फुगले होते ते तेव्हा उमगलं.

मला रडूच आलं. "बाई, आणि दुसऱ्यांदाही भेसळच निघाली असती तर?"

"तर तसं लिहिलं असतं," बाई म्हणाल्या. "पण पहिला निकाल चुकीचा होता, हे आपल्याला कळलं होतं ना? मग तो त्या माणसाच्या नावावर दोन दिवस तरी कशाला ठेवायचा?"

बाई निवृत्त होऊन आता नागावला असतात. मोरेंचा चपडा अजून येतो आणि अहवालावर सही माझी असते. सही करताना दर वेळी मला भीती वाटते. बाईंकडून शिकलेल्या सगळ्या गोष्टींत ही भीती मला सर्वांत मोलाची वाटते. ती कधी जाऊ नये.